चवळी, रताळी आणि कार्व्हर



सेवा म्हटलं की आपल्याला आधी अन्नदान आठवतं. पंगत बसते, माणसं तृप्त होऊन उठतात. पण दुसऱ्या दिवशी त्या घरातली चूल कशी पेटायची? या प्रश्नासाठी ज्यांनी अख्खं आयुष्य दिलं, त्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांची आज आपण आठवण काढू या. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे ते आपल्या घराघरांत ओळखीचे आहेतच.

१८६४च्या सुमारास अमेरिकेत, मिसुरी राज्यात, एका गुलाम आईच्या पोटी त्यांचा जन्म झाला. तान्हे असतानाच दरोडेखोरांनी मायलेकरांना पळवलं. बाळ परत मिळालं, आई मात्र कधीच सापडली नाही. मोझेस आणि सुझन कार्व्हर या मालक दांपत्यानंच त्यांना वाढवलं. प्रकृती नाजूक, म्हणून वाट्याला आलं घरकाम आणि परसबाग. त्यातूनच झाडांचं वेड लागलं.

शिक्षणासाठी लहानपणीच घर सोडलं. लोकांचे कपडे धुतले, स्वयंपाक केला. एका कॉलेजनं तर आधी प्रवेश दिला आणि कातडीचा रंग बघून दारातूनच परत पाठवलं. तरी ते थांबले नाहीत. आयोवातून १८९४ मध्ये शेतीची पदवी आणि १८९६ मध्ये त्यापुढची पदवी घेतली. तिथंच सुखानं शिकवत राहता आलं असतं. पण त्याच वर्षी बुकर टी. वॉशिंग्टन यांचं बोलावणं आलं, आणि ते अलाबामातल्या टस्कीगीला गेले.

तिथं काय होतं? गुलामगिरी कायद्यानं संपली होती, पण कृष्णवर्णीय कुटुंबं दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्यानं राबत होती. बियाणं उधार, धान्य उधार. कापूस निघाला की सगळं कर्जातच जायचं. कापूस अगदी दारापर्यंत पेरलेला, भाजीला वाफासुद्धा नाही. वर्षानुवर्षं एकच पीक घेऊन जमीन निकस झालेली, आणि खाणंही निकस.

कार्व्हर यांनी एक गोष्ट पक्की ओळखली. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याला पैशाचा उपाय सांगून काय उपयोग? म्हणून त्यांनी जवळ असेल त्यातूनच सुरुवात केली. विकतच्या खताऐवजी रानातला पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ. कापसाच्या जागी आलटून पालटून चवळी आणि भुईमूग. यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीला देतात, आणि शेंगा घरात खायला होतात. सोबतीला रताळी. आपल्या ओळखीचीच पिकं बघा!

नुसतं पिकवून भागत नाही, ते रांधायला आणि टिकवायलाही यावं लागतं. म्हणून त्यांनी साध्या भाषेत छोट्या पुस्तिका काढल्या. १९१६ च्या भुईमुगावरच्या पुस्तिकेत लागवडीबरोबर खाण्याच्या १०५ कृती होत्या. पीनट बटर त्यांनीच शोधलं असं फॉरवर्डमध्ये फिरतं, ते खरं नाही. त्यांचं मोठेपण याहून वेगळं आहे.

जे शाळेपर्यंत येऊ शकत नव्हते, त्यांच्यासाठी १९०६ पासून अवजारं आणि बियाणं घेऊन गाडीच गावोगाव निघाली. ही फिरती शाळा थेट शेतकऱ्याच्या अंगणात भरायची.

सगळ्यांचं दैन्य फिटलं असं नाही. जमीन मालकाची, आणि मालकाला कापूसच हवा असायचा. ते कार्व्हर यांच्या हातात नव्हतं. पण दाराजवळचा एक वाफा, एक कोंबडी, साठवलेली रताळी, एवढ्यानंही दुकानातली उधारी कमी होते. तेवढं ते ४० हून अधिक वर्षं शिकवत राहिले. लग्न केलं नाही, साधे राहिले, आणि आयुष्यभराची पुंजी शेवटी संशोधनाच्या कामाला देऊन टाकली. ५ जानेवारी १९४३ ला टस्कीगीतच त्यांनी देह ठेवला.

आपल्यापैकी कितीतरी जणांचे नातलग अजून गावाकडे शेतात आहेत. रानात ऊस नाहीतर सोयाबीन, आणि कोथिंबिरीची जुडी बाजारातून, असं किती घरी आहे? पुढच्या वेळी गावी जाताना पेढ्यांच्या पुड्याबरोबर चवळी, भेंडी, दोडक्याचं थोडं बी नेऊ या. नुसतं देऊन परतायचं नाही बरं का. वाफा करायला सोबत बसू या. अंगण नसलेल्यांनी कुंडीत मेथी पेरावी, म्हणजे मुलांनाही कळेल की भाजी उगवते.