गोठलेला मासा आणि क्लॅरन्स बर्ड्सआय

पावसाळ्यात वाघूर नदीला पाणी आले की आपल्या नशिराबादची काही मुले गळ घेऊन नदीकाठी जातात. मासे जास्त मिळाले तर उरलेले घरच्या फ्रीजमध्ये ठेवतात. आठ-दहा दिवसांनी ते शिजवले की तक्रार सुरू होते. ताटलीत पाणीच पाणी सुटलेले असते आणि मासा चोथ्यासारखा लागतो. दोष कुणाचा? माशाचा, फ्रीजचा की बिचाऱ्या अम्मीचा? मुलांनो, याचे उत्तर सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने शोधले. त्याचे नाव क्लॅरन्स बर्ड्सआय.

बर्ड्सआय म्हणजे पक्ष्याचा डोळा. हे त्याचे टोपणनाव नव्हते, खरोखरचे आडनाव होते. क्लॅरन्सचा जन्म ९ डिसेंबर १८८६ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. लहानपणापासून त्याला पशुपक्ष्यांचा आणि किड्यांचा नाद होता. तो अ‍ॅमहर्स्ट येथील कॉलेजात शिकू लागला. पण फीसाठी पैसे कमी पडत. तेव्हा तो बेडूक पकडून प्राणिसंग्रहालयाला विकी. ते तेथील सापांना खाऊ घालत. एवढे करूनही पैसे पुरले नाहीत आणि शिक्षण अर्धवट सोडावे लागले. त्याला पदवी मिळाली नाही, पण पाहण्याची सवय मात्र सुटली नाही.

काही दिवस त्याने सरकारी खात्यात प्राण्यांचा अभ्यास करण्याची नोकरी केली. १९१२ साली तो लॅब्राडॉरला गेला. हा प्रदेश कॅनडाच्या ईशान्य टोकाला आहे. तेथे त्याने कोल्ह्यांच्या कातड्याचा व्यापार सुरू केला. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तेथे हिवाळ्यात तो शून्याच्या खाली ४० अंशांपर्यंत उतरतो! १९१६ मध्ये तो पत्नी एलिनॉर आणि काही आठवड्यांचे बाळ यांना घेऊन पुन्हा तेथे राहायला गेला. डॉक्टर फार दूर, बाजार तर नाहीच. बाळ-बाळंतिणीला हिवाळाभर ताजे अन्न कोठून द्यायचे, ही काळजी त्याला लागली.

त्या भागात इनुइट लोक राहतात. ते गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ फोडून भोक पाडत आणि त्यातून मासे धरत. मासा बाहेर काढला की बोचऱ्या वाऱ्यात तो पाहता पाहता लाकडासारखा कडक होई. कित्येक आठवड्यांनी तो वितळवून शिजवला तरी ताज्यासारखा लागे. क्लॅरन्सच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ऐन थंडीत गोठवलेले मांस चवदार लागे, पण थंडी कमी असताना गोठवलेले तितके चांगले लागत नसे. मांस तेच, बर्फही तोच, मग फरक का? इनुइट लोकांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. क्लॅरन्सने तिचे कारण शोधले. माझ्या मते त्याच्या शोधातला अर्धा वाटा त्या लोकांचा आहे.

कारण असे. माशाच्या शरीरात पुष्कळ पाणी असते. ते हळूहळू गोठले तर बर्फाचे मोठे, टोकदार स्फटिक तयार होतात. हे स्फटिक मांसातील सूक्ष्म पेशी फाडून टाकतात. मग मासा वितळताना रस वाहून जातो आणि चोथा उरतो. पाणी झटकन गोठले तर स्फटिक बारीक राहतात, पेशींना कमी इजा होते आणि रस आतच राहतो.

१९१७ मध्ये तो अमेरिकेत परतला. बर्फाच्या लाद्या, मिठाचे पाणी आणि एक विजेचा पंखा घेऊन त्याने प्रयोग सुरू केले. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला गोठवलेल्या माशांची कंपनी काढली. पण गोठलेला मासा म्हणजे खराब मासा, असेच लोकांचे मत होते, आणि तोवरच्या अनुभवावरून ते काही चूक नव्हते. माल खपेना. १९२४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. घरात बायको-मुले, खिशात पैसा नाही. तरीही त्याने आयुर्विम्याच्या पॉलिसीवर पैसे उभे केले आणि ग्लॉस्टर या मच्छीमारांच्या बंदरात नव्याने काम सुरू केले. तेथे त्याने नवे यंत्र बनवले. माशाचे तुकडे पुठ्ठ्याच्या चपट्या खोक्यात भरायचे आणि अतिशय थंड अशा दोन धातूच्या पत्र्यांमध्ये ते खोके दाबून धरायचे. दोन्ही बाजूंनी थंडी लागल्यामुळे मासा लवकर गोठे.

१९२९ मध्ये त्याची कंपनी व पेटंटे २ कोटी २० लाख डॉलरना विकली गेली. ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्ड शहरातील १८ दुकानांत गोठवलेले मासे, मांस, वाटाणे, पालक अशा वस्तू विक्रीला आल्या.

आपल्या घरी असे यंत्र नाही, पण युक्ती तीच आहे. मासा धरल्यावर लगेच साफ करावा, धुऊन निथळावा आणि त्याचे पातळ तुकडे करावेत. पिशवीत ते एका थरात पसरावेत, हवा दाबून काढावी आणि पिशवी फ्रीजरच्या सर्वांत थंड भागात आडवी ठेवावी. बकरी ईदला आपण गोश्ताचा मोठा गोळा तसाच फ्रीजरमध्ये कोंबतो. तो आतपर्यंत गोठायला फार वेळ लागतो, म्हणून चव जाते. फ्रीजर शून्याखाली १८ अंश असला तर उत्तम. आमच्याकडे वीज गेली की मी त्याचे दार कुणाला उघडू देत नाही. वितळवताना मासा रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. घाई असेल तर पिशवी घट्ट बंद करून थंड पाण्यात बुडवावी. गरम पाणी ओतू नये. एकदा वितळलेला मासा पुन्हा गोठवू नये.

श्रीमंत झाल्यावरही क्लॅरन्स स्वस्थ बसला नाही. म्हातारपणी तो दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात गेला आणि उसाच्या चिपाडापासून कागदाचा लगदा करण्याच्या कामात गुंतला. ७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने त्याचे निधन झाले. त्याची रक्षा ग्लॉस्टरजवळच्या समुद्रात सोडण्यात आली.