ड्रॉइंग मास्तर आणि सायकल : लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव किर्लोस्कर म्हटलं की मुलांना लोखंडी नांगर आठवतो. निबंधातही दुसऱ्याच ओळीत नांगर येतो. पण नांगराच्या आधी सायकल होती, आणि मला विचाराल तर वर्गात थांबून सांगण्यासारखा भाग तोच आहे.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर इथे झाला. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना. नाद दोनच, चित्रं आणि यंत्रं. थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले म्हणून १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. दोन वर्षांनी लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय, याचा विचार करून बघा. त्यांनी रंग सोडले, रेघ सोडली नाही. यंत्रांची ड्रॉइंग काढायला शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवू लागले. सुट्टीच्या दिवशी मास्तर तिथल्या वर्कशॉपमध्ये हात काळे करून यंत्रं खोलत बसायचे.

त्याच काळात सायकल आली. १८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी. आजची आपली सायकल तिचीच नात. पोलादी नळ्या मापात कापायच्या, सांध्यात बसवायच्या आणि पितळेने झाळायच्या, हे काम कारागिराच्या हाताचं. नळी पातळ हवी म्हणजे वजन कमी, पण सांध्याजवळ जाड हवी, नाहीतर मोडेल. म्हणून टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं. आजही जगात काही कारागीर गिऱ्हाइकाच्या पायाचं, हाताचं माप घेऊन पोलादी फ्रेम हाताने बनवतात, आणि लोक त्यासाठी महिनोन्महिने थांबतात. कारण पोलाद वाकलं तर सरळ करता येतं, तुटलं तर पुन्हा झाळता येतं. शिवाय सायकलीत काही लपलेलं नसतं. पायडल, साखळी, चिमटा, सगळं उघड्यावर. आमच्या वाणगावकडे कॅरिअरला चिकूची करंडी बांधून जाणारी साधी सायकलसुद्धा मुलांसमोर उलटी करून ठेवा, पायडल फिरवा, आणि ताकद कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवायला सांगा. यंत्राचं ड्रॉइंग शिकवणाऱ्या माणसाला तिचं वेड लागलं, यात नवल नाही.

लक्ष्मणराव नुसते चालवून थांबले नाहीत. मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला रामूअण्णांकडे पाठवायच्या, असा उद्योग सुरू झाला. रामूअण्णा त्या ७०० ते १००० रुपयांना विकत आणि चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे घेत. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी! बेळगावच्या त्या दुकानात विक्रीबरोबर दुरुस्तीही चाले. किर्लोस्कर ब्रदर्स आपली सुरुवात १८८८ सालच्या याच दुकानापासून मोजतात.

मुंबईत मात्र वेगळंच घडलं. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. पक्क्या पगाराची नोकरी, घरसंसार, पुढे काही ठरलेलं नाही. तरी त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. कडबा कापण्याचं यंत्र झालं, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्यातच बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. मार्च १९१० मध्ये निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसू लागली.

तिथे माणसं निवडताना त्यांनी सर्टिफिकेट फारसं पाहिलं नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांच्या हाती त्यांनी वाडीची राखण दिली. आणि शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर याच कारखान्यात कल्पक इंजिनिअर म्हणून नावारूपाला आले.