जुन्या गंज पेठेतून सरकारदरबारी

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून हंटर शिक्षण आयोगापुढे एक निवेदन सादर झाले. ते इंग्रजीत होते. खाली सही करणाऱ्याने आपल्या नावापुढे व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी तीन बिरुदे लावली होती आणि पत्ता जुन्या गंज पेठेचा दिला होता. आयोगापुढे येणाऱ्यांत शिक्षणखात्याचे अधिकारी होते, महाविद्यालयांचे प्राध्यापक होते, मिशनरी होते. पंडिता रमाबाईंचीही साक्ष त्याच वर्षी झाली. या गर्दीत जोतीराव गोविंदराव फुले यांच्यापाशी ना पदवी होती, ना सरकारी हुद्दा. शाळा काढण्याचा, त्या चालवण्याचा आणि शिकवण्याचा प्रदीर्घ अनुभव मात्र होता, आणि निवेदनाच्या आरंभीच त्यांनी त्याचा हवाला दिला होता.

जोतीरावांच्या चरित्रातील मुलींच्या पहिल्या शाळेचा प्रसंग शाळकरी पुस्तकांमुळे घरोघरी माहीत आहे. त्या मानाने हे निवेदन फारसे वाचले जात नाही. वास्तविक पाहता, राज्यकारभारात ज्याला काही अधिकार नाही अशा एका नागरिकाने सरकारच्या शिक्षणधोरणाचा हिशेब मागावा, तोही खर्चाच्या कलमांसह, ही त्या काळी मुळीच सामान्य गोष्ट नव्हती.

त्यांचे स्वतःचे शिक्षणच मुळात शेजाऱ्यांच्या आग्रहातून घडलेले होते. १८२७ साली माळी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई चिमणाबाई मूल वर्षाचेही झाले नव्हते तेव्हाच वारली आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. मराठी शाळेत थोडे लिहिणे-वाचणे झाल्यावर वडिलांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातले. माळ्याच्या पोराला विद्या कशाला, असा सल्ला देणारे लोक त्या वेळी पुष्कळ होते. शेजारी राहणारे मुन्शी गफार बेग आणि लिजिटसाहेब या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली नसती, तर जोतीराव मळ्यातच राहिले असते. १८४१ साली ते स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत गेले आणि १८४७ मध्ये तेथील शिक्षण पुरे झाले. दोन शेजाऱ्यांच्या मध्यस्थीवर एखाद्याची सारी विद्या अवलंबून असावी, ही गोष्ट त्यांच्या मनात खोल रुतून बसली असली पाहिजे. सरकारने शिक्षण सक्तीचे करावे असे पुढे त्यांनी मागितले, त्यामागे हा अनुभव असावा असे मानायला जागा आहे.

१८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी तेथे शिकवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी वडिलांचे घर सोडावे लागले आणि उस्मान शेख यांच्या घरी दोघांनी आसरा घेतला. १८५१ व १८५२ मध्ये बुधवार, रास्ता आणि वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. महार-मांगांच्या मुलांसाठी वेगळी शाळा झाली. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कारही झाला. दक्षिणा फंडातून शाळांना काही मदत मिळू लागली. १८५५ मध्ये दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी त्यांनी रात्रीची शाळा काढली.

एवढे सारे करून त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. खाजगी प्रयत्नांनी पेठेतल्या चार शाळा उभ्या राहतात, पण खेडी तशीच राहतात. लोकवर्गणी आटते, देणगीदार बदलतात, शिकवणारी माणसे थकतात. सबंध इलाख्याला पुरेल एवढा पैसा एकाच ठिकाणी होता, तो म्हणजे सरकारी खजिन्यात. आणि तो शेतकऱ्याच्या घामातून आलेला होता. शाळा काढणारे जोतीराव हळूहळू सरकारकडे शाळा मागणारे जोतीराव झाले, ते या वाटेने. १८६९ मध्ये त्यांनी ‘विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजी’ हा पवाडा रचला. त्यात खात्याच्या शाळांत शूद्रांच्या मुलांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार आहे. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. समाजाच्या कामात मुलांना शाळेत पाठवण्याच्या खटपटीला महत्त्वाचे स्थान होते.

१८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. नियुक्त सभासदाने फारसे बोलू नये, असा त्या काळचा रिवाज. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून शहर सजवण्यासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा जोतीरावांनी एकट्याने विरोधी मत दिले. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. ठराव अर्थातच मंजूर झाला. व्यापारी म्हणून, ठेकेदार म्हणून त्यांचे सरकारी खात्यांशी संबंध होते. अशा माणसाला हे मत महागात पडू शकले असते, हेही विसरता कामा नये.

लॉर्ड रिपन यांनी ३ फेब्रुवारी १८८२ रोजी विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. १८५४ च्या खलित्यानंतर शिक्षणाची काय प्रगती झाली, याचा विशेषतः प्राथमिक शिक्षणाच्या अंगाने तपास करणे हे त्याचे काम होते. जोतीरावांच्या निवेदनाचा रोख पहिल्यापासून स्पष्ट आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, मग त्यातला मोठा वाटा वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर का खर्च व्हावा, असा त्यांचा प्रश्न होता. वरच्या थराला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, ही कल्पना सरकारात रूढ होती. शिकलेल्या वर्गाने आपली विद्या खालच्या थरापर्यंत पोहोचवलेली नाही, हे पाहायला कोणत्याही खेड्यात गेले तरी पुरे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मुंबई इलाख्यातील सुमारे नऊ दशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लाख मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची काहीच सोय नाही, हा आकडा त्यांनी आयोगापुढे ठेवला.

त्यावर त्यांची मागणी अशी होती की, प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचे करावे.

पण केवळ मागणी करून ते थांबले नाहीत, आणि निवेदनाचे खरे मोल येथेच आहे. पैसा कोठून यावा तेही त्यांनी सांगितले. लोकल फंडाचा निम्मा भाग केवळ प्राथमिक शिक्षणासाठी द्यावा. आपल्या हद्दीतील सर्व प्राथमिक शाळा चालवण्याची सक्ती नगरपालिकांवर कायद्याने करावी. आणि प्रांतिक किंवा साम्राज्याच्या तिजोरीतून पुरेसे अनुदान द्यावे. प्रशिक्षित शिक्षक असलेल्या देशी शाळांना सढळ मदत करावी. मुलांना बक्षिसे व शिष्यवृत्त्या द्याव्यात.

शिक्षकाविषयी ते विस्ताराने लिहितात. शिक्षक प्रशिक्षित असावा आणि शक्यतो शेतकरी वर्गातला असावा; वेळ पडल्यास नांगर किंवा सुताराचा वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, कारण असाच माणूस गावातल्या लोकांत मिसळू शकेल. त्याला दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गावात पंधरा ते वीस असावा. गावचे हिशेब, दस्तनोंदणी, टपाल किंवा मुद्रांकविक्री यांसारखी कामेही त्याच्याकडे दिली तर गावात त्याचे वजन वाढेल. तुटपुंज्या पगारात घर चालवणाऱ्या पंतोजीची अवस्था त्यांनी जवळून पाहिली असणार, त्याशिवाय हे सुचत नाही. अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल व व्याकरण यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे असावेत असे त्यांनी सुचवले. तपासनीस वर्षातून एकदा येतो त्याचा काही उपयोग नाही, तपासणी निदान तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून अधिकाऱ्यांनी आगाऊ वर्दी न देता शाळेत जावे, हीही सूचना त्यांचीच.

जोतीरावांना उच्च शिक्षणाचे विरोधक ठरवण्याची घाई कोणी करू नये. उच्च शिक्षणाची मदत सरकारने त्या वेळी काढून घ्यावी, असे देशाच्या कोणत्याही हितचिंतकाला वाटणार नाही, हेही निवेदनात स्वच्छ नमूद आहे. ज्या वर्गाची उपेक्षा झाली त्याचीही तितकीच काळजी वाहा, एवढेच ते मागत होते. मॅट्रिकच्या परीक्षेला लागणारी पुस्तके सरकारी गॅझेटात जाहीर करावीत, म्हणजे घरी अभ्यास करणाऱ्यालाही परीक्षेला बसता येईल, ही त्यांची मागणी याच जातीची. स्त्रियांच्या प्राथमिक शिक्षणासाठी अधिक सढळ हाताने तरतूद करावी असेही त्यांनी आयोगाला विनवले. ज्या गावांत महार-मांगांच्या मुलांना इतरांबरोबर बसू दिले जात नाही, तेथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा हव्यात, हेही त्यांनी मांडले.

आयोगाने १८८३ मध्ये अहवाल दिला. प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने अधिक लक्ष पुरवावे हे तत्त्व त्यात मान्य झाले, मात्र सक्तीची शिफारस झाली नाही. प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डे आणि नगरपालिका यांच्याकडे सोपवण्यात आला. नगरपालिकेत सहा वर्षे बसलेल्या जोतीरावांना या संस्थांच्या मर्यादा चांगल्याच ठाऊक होत्या.

त्याच सुमारास त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या दारिद्र्याचा संबंध पुन्हा अविद्येशी जोडला. मार्च १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात ते मुद्दाम शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि राणीच्या पुत्राला त्यांनी रयतेच्या शिक्षणाची आठवण दिली. मे महिन्यात मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

सक्तीच्या शिक्षणाची मागणी मात्र संपली नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ पासून अमरेली तालुक्यात तिचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ती सबंध संस्थानाला लागू केली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले, ते १९१२ च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तर १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना तसे करण्याची मुभा देणारा कायदा झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा देशव्यापी कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, तेव्हा जुन्या गंज पेठेतील त्या निवेदनाला एकशे सत्तावीस वर्षे उलटून गेली होती.