दिव्यासोबत नोंदवही

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हाती दिवा घेऊन रात्री जखमी शिपायांमधून फिरणारी परिचारिका डोळ्यांपुढे येते. संडे स्कूलच्या मुलांनाही आपण हीच गोष्ट सांगतो. परंतु बाईंनी जन्मभर जवळ बाळगलेले दुसरे साधन म्हणजे नोंदवही. तिची हकिकत क्वचितच सांगितली जाते.

बाईंचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी, एका सधन इंग्रज घराण्यात झाला. १८३७ साली आपणांस देवाचे पाचारण झाले आहे अशी त्यांची खात्री पटली. घरच्यांचा विरोध सोसून १८५१ साली त्या जर्मनीतील कायझरवर्थ येथे पाळक फ्लीडनर यांच्या संस्थेत रुग्णसेवा शिकल्या. गणिताची आवड त्यांना लहानपणापासून होतीच.

क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारी येथील लष्करी इस्पितळात पोहोचल्या. तेथे मृत्यूंच्या नोंदीही धड नव्हत्या. एका वहीचा दुसरीशी मेळ नव्हता. बाईंनी अन्न, कपडे व स्वच्छता यांसाठी रात्रीचा दिवस केला. तरीही त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये दर १०० रोग्यांमागे सुमारे ४३ दगावले. मार्चमध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ केली, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण सुमारे २ वर आले.

१८५६ साली मायदेशी परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ डॉ. विल्यम फार यांच्या मदतीने बाईंनी सर्व आकडे महिनेवार मांडले. तेव्हा दिसून आले की जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक शिपाई गेले. आणि ज्या इस्पितळात आपण रात्रंदिवस राबलो, तेथील घाणच पुष्कळांच्या मरणास कारण झाली. हे सत्य कडू होते. बाईंनी ते झाकले नाही. १८५८ साली रंगीत चक्राकार आकृत्या काढून त्यांनी ते राज्यकर्त्यांपुढे ठेवले.

पुढे त्यांनी सर्व इस्पितळांसाठी एकच नमुना तयार केला: दाखल किती, बरे किती, मृत किती, शिल्लक किती, रोग कोणता, वय किती, पुरुष की स्त्री, मुक्काम किती दिवस. १८६० साली लंडन येथील आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेने त्यास मान्यता दिली. काही मोठ्या इस्पितळांनी तो वापरून पाहिला. पण भरण्यास किचकट असल्याने तो सर्वत्र रुळला नाही. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी येथील छावण्यांना छापील प्रश्न पाठवून, आलेल्या उत्तरांच्या आधारे १८६३ च्या अहवालात त्यांनी पाणी व गटारे यांची दुर्दशा उघड केली.

आज इस्पितळातील नोंदी संगणकावर कशा ठेवाव्यात हे शिकणारा याच वाटेने जातो. प्रत्येक रकान्याचा अर्थ एकच असावा, तो सर्वांनी सारखाच भरावा, आणि भरणाऱ्या परिचारिकेचा वेळही ध्यानात घ्यावा. असे झाले तरच हजारो नोंदी चाळून रोगाचे कारण सापडते.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी बाई निवर्तल्या. शिक्षकांनो, मुलांना दिव्याची गोष्ट अवश्य सांगा. त्याबरोबर हेही सांगा की प्रेमाने केलेल्या सेवेचाही खरा हिशेब पाहावा लागतो, आणि बाईंनी तो पाहिला म्हणून पुढे कित्येकांचे प्राण वाचले.