विश्लेषण : १५व्या वर्षी फिल्मफेअर, मग ‘डिस्को दीवाने’ची लाट… पॉप गायिका नाझिया हसन कोण होती?

‘कुर्बानी’ (१९८०) चित्रपटाला संगीत कल्याणजी-आनंदजींचे. पण झीनत अमानवर चित्रित झालेले ‘आप जैसा कोई’ त्यांचे नव्हते. ते लंडनमध्ये तयार झाले होते आणि ते गाणारी मुलगी तेव्हा शाळेत होती.

नाझिया हसनचा जन्म ३ एप्रिल १९६५ रोजी कराचीतला. बालपण कराची आणि लंडनमध्ये गेले. लंडनमधल्या एका पार्टीत फिरोज खान यांच्याशी भेट झाली आणि त्यांनी तिला संगीतकार बिद्दूंकडे पाठवले. मूळचे बंगळुरूचे बिद्दू तोवर ‘कुंग फू फायटिंग’चे निर्माते म्हणून जगभर माहीत झाले होते. या एका गाण्याने नाझियाला फिल्मफेअर मिळवून दिले. वय अवघे १५! हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली पाकिस्तानी.

गाण्यात वेगळे काय होते?

त्या काळी मुंबईत मोठा वाद्यवृंद आणि गायिका बहुधा एकत्रच रेकॉर्डिंग करत. बिद्दूंनी ड्रम, बेस, सिंथेसायझर आणि आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर घेतले आणि नंतर एकत्र मिसळले. त्यामुळे ताल घड्याळासारखा नेमका आणि बेस छातीवर आदळणारा. नाझियाचा आवाज किंचित नाकातला, शास्त्रीय तालीम नसलेला. लता-आशांच्या मापाने कच्चाच. पण सिंथच्या थंड सुरांवर तोच आवाज शोभला, कारण तो खरोखर एका किशोरवयीन मुलीचा वाटत होता.

१९८१मध्ये भाऊ झोहेबसोबतचा ‘डिस्को दीवाने’ आला. ना चित्रपट, ना नायिका, तरी मुंबईत पहिल्याच दिवशी १ लाख प्रती खपल्याचे सांगितले जाते. चित्रपटाशिवायही हिंदी गाणे विकले जाते, हे कंपन्यांना या अल्बमने दाखवले. पुढच्याच वर्षी ‘स्टार’ चित्रपट आपटला, त्यातली तिची गाणी मात्र चालली. ‘यंग तरंग’ (१९८४) आणि ‘हॉटलाइन’ (१९८७)मध्ये सिंथ अधिकच ठळक झाला. हे सारे झिया-उल-हक यांच्या राजवटीत, जेव्हा पाकिस्तानी टीव्हीवर नाचगाण्याला बंधने होती.

मग ती थांबली का?

गाणे हा तिने पूर्णवेळ व्यवसाय कधी केलाच नाही. लंडनमध्ये तिने अर्थशास्त्र आणि कायद्याचे शिक्षण घेतले, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत काम केले, पाकिस्तानात अमली पदार्थांविरोधात मोहीम चालवली. ‘कॅमेरा कॅमेरा’ (१९९२) शेवटचा अल्बम ठरला. बिद्दूंनी ‘मेड इन इंडिया’ आधी तिलाच देऊ केले होते, पण पाकिस्तानी चाहते दुखावतील म्हणून तिने नकार दिला, असे म्हणतात. १९९५मध्ये त्याच गाण्याने अलिशा चिनॉय घराघरांत पोहोचली.

फुप्फुसाच्या कर्करोगाने १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये नाझियाचे निधन झाले. ती ३५ वर्षांची होती. ‘स्टुडंट ऑफ द इयर’ (२०१२)मधल्या ‘द डिस्को साँग’मध्ये ‘डिस्को दीवाने’ पुन्हा आले, तेव्हा त्यात नव्या गायकांसोबत तिचा मूळ आवाजही होता.