कोशकार जॉन्सन : वाचनातून अर्थाकडे

लिचफील्ड येथील एका पुस्तकविक्रेत्याचे पुत्र सॅम्युएल जॉन्सन (१७०९-१७८४) ऑक्सफर्डला जेमतेम तेरा महिने राहू शकले. पैसा संपला, पदवी राहिली. त्यांची खरी पाठशाळा म्हणजे वडिलांचे दुकान.

१७४६ मध्ये लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांनी दीड हजार गिनींच्या करारावर इंग्रजी कोशाचे काम त्यांच्याकडे सोपविले. कॉड्रीच्या १६०४ च्या कोशापासून आरंभीच्या कोशकारांचे लक्ष प्रामुख्याने कठीण शब्दांवर होते. जॉन्सन यांनी मात्र शेक्सपिअर, मिल्टन, बेकन, ड्रायडन वाचावयास घेतले. शब्दाखाली पेन्सिलीची रेघ ओढावी, समासात आद्याक्षर लिहावे. मग लेखनिकांनी ते वाक्य उतरून घ्यावे, असा हा क्रम होता. अशा खुणांची काही पुस्तके आजही उपलब्ध आहेत.

या वाचनानेच त्यांची मूळ योजना मोडली. आधी आखलेल्या अर्थांच्या चौकटीत वाक्ये मावेनात, आणि काही वर्षांचे हस्तलिखित बाजूला ठेवून मांडणी नव्याने करावी लागली. दुर्बोध लॅटिनोद्भव शब्द एका ओळीत आटोपत. अडवीत ते साधे शब्द. 'टेक' या क्रियापदाचेच शंभराहून अधिक अर्थ त्यांना नोंदवावे लागले. १७५२ मध्ये पत्नी वारली. १७५५ च्या एप्रिलमध्ये दोन खंड निघाले, त्यांत बेचाळीस हजारांहून अधिक शब्द होते. कीर्ती मिळाली, पण ऋण फिटले नाही. पुढच्याच वर्षी कर्जापायी अटक झाली.

मातेच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी १७५९ मध्ये लिहिलेली 'रासेलस' ही कथा कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांनी मराठीत आणली. विष्णुशास्त्र्यांनी 'निबंधमाले'त जॉन्सन यांचे चरित्रही लिहिले.