गाडगेबाबांनी ५१ वर्षं लोकांच्या दारात जेवण घेतलं, पण फुकट कधीच नाही

ऑफिसखाली उभ्या असलेल्या फूड ट्रकवर आज राजमा-चावल, उद्या मोमोज, परवा झुणका-भाकर. रोज नवी गाडी, रोज नवी चव, आणि पैसे दिले की विषय संपला. दुपारचं जेवण बाहेर घेणं आता इतकं सोपं झालंय.

पण वऱ्हाडात एक माणूस असा होऊन गेला, ज्याने आयुष्यातली ५१ वर्षं रोज कुठल्या ना कुठल्या परक्या दारात दुपारचं जेवण घेतलं. ताट त्याचं स्वतःचं, म्हणजे एक फुटकं गाडगं. आणि त्या जेवणाचं बिल तो पैशात देत नव्हता. अंगण झाडून, लाकडं फोडून, गावातली गटारं साफ करून तो ते चुकतं करायचा, आणि मगच भाकरीला हात लावायचा.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजेच संत गाडगेबाबा. शाळेच्या पुस्तकात त्यांच्या हातात खराटा दिसतो आणि स्वच्छतेवरचा धडा वाचून आपण पुढे जातो. पण त्यांच्या आयुष्यात खराट्याइतकीच महत्त्वाची गोष्ट होती ती जेवण. कोण जेवतं, कुणाच्या पैशाने जेवतं, कुणाच्या शेजारी बसून जेवतं, हा प्रश्न त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही.

आता हे सुरू कुठून झालं, ते बघू.

२३ फेब्रुवारी १८७६ ला अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेंडगावला त्यांचा जन्म झाला. घर परिटाचं. वडील झिंगराजी दारूच्या नादाला लागले आणि त्यातच गेले, तेव्हा डेबू लहान होता. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावात. तिथे मामाची शेती होती. डेबू गुरं राखायला लागला, मग नांगर धरायला लागला. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नाही.

पुढे तेच झालं जे त्या काळी वऱ्हाडात घरोघरी होत होतं. मामाने सावकाराकडून कर्ज घेतलं. कागदावर काय लिहिलंय हे वाचता येत नव्हतं, त्यामुळे देणं किती आणि फेडलं किती याचा हिशोब सावकाराकडेच. शेवटी जमीन गेली आणि त्या धक्क्यात मामाही गेला. सावकार माणसं घेऊन शेताचा ताबा घ्यायला आला, तेव्हा डेबू शेतातून हलला नाही. भांडला, आडवा आला, आणि सावकाराला माघार घ्यावी लागली. गावाला या गोष्टीचं मोठं अप्रूप वाटलं. पण डेबूच्या डोक्यात दुसरंच बसलं असणार. माणूस कर्ज काढतो कशासाठी?

तर बरेचदा जेवणावळीसाठी.

लग्न असो, बारसं असो की तेरवी, जातभाईंना जेवण घालावंच लागायचं. त्यात दारू आणि मटण हवंच. नाही घातलं तर जातीत नाव जायचं, आणि घालायचं तर सावकाराचं दार. देवाला बोललेला नवस असला तर बोकड वेगळा. एका दिवसाचं जेवण पुढची कित्येक वर्षं फेडत बसायचं, असा हा खेळ होता.

१८९२ मध्ये डेबूचं कुंताबाईंशी लग्न झालं होतं. पहिली मुलगी झाली, बारशाला भावकी जमली. आणि डेबूने पंगतीत दारू-मटण न ठेवता साधं गोडाचं जेवण वाढलं. आज यात काही विशेष वाटणार नाही. पण त्या दिवशी जमलेल्या लोकांसाठी हा सरळसरळ अपमान होता. कुरबुर झाली, नाराजी झाली, पण डेबू मागे हटला नाही. गाडगेबाबांचं समाजकार्य घर सोडल्यावर सुरू झालं असं सगळे सांगतात. खरं म्हणजे ते या पंगतीतच सुरू झालं होतं.

मध्ये १८९९-१९०० चा दुष्काळ येऊन गेला. लोक त्याला छप्पन्याचा दुष्काळ म्हणतात, विक्रम संवत १९५६ वरून. कापसाच्या पैशावर श्रीमंत समजल्या जाणाऱ्या वऱ्हाडात माणसं अन्नावाचून मेली. डेबू तेव्हा २३-२४ वर्षांचा होता.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्याने घर सोडलं. बायको, मुलं, आई, सगळं मागे ठेवून. याबद्दल त्यांना दोष देणारेही आहेत, आणि तो दोष अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. कुंताबाईंनी पुढचं आयुष्य हलाखीतच काढलं.

अंगावर चिंध्यांचं वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, हातात खराटा आणि ते गाडगं. या गाडग्याकडे जरा नीट बघायला हवं. उन्हात ते डोक्यावर टोपीसारखं बसायचं, तहान लागली की त्यात पाणी, भूक लागली की त्यात भाकरी आणि कालवण. एका वस्तूत टोपी, पेला आणि ताट. लोक डेबूजीला आधी गोधडेबुवा आणि मग गाडगेबाबा म्हणायला लागले ते यावरूनच.

पण त्याचा अजून एक उपयोग होता. तेव्हा अनोळखी माणूस दारात आला की आधी जात विचारली जायची. भांडं कुणाचं, पाणी कुणी घ्यायचं, ओट्यावर कुठपर्यंत यायचं, हे त्यावर ठरायचं. स्वतःचं मातीचं भांडं हातात असलेल्या माणसापुढे हा प्रश्नच लंगडा पडतो. घरमालकाचं ताट विटाळत नाही, आणि भाकरी घेणाराही कुणाच्या उपकाराखाली राहत नाही, कारण तुमचं अंगण त्याने आधीच झाडून ठेवलंय.

काम सांगा, मग जेवण द्या, हा त्यांचा नियम. कुणी साधू समजून पाया पडायला आलं की ते टाळायचे. गोडधोडाचं ताट आलं तरी ते बाजूला सारून ज्वारीची भाकरी मागायचे. लांब कुठेतरी कीर्तन ऐकायला हजारो लोक जमायचे, त्यांच्यासाठी मोठमोठ्या पंगती उठायच्या, आणि ज्यांच्यासाठी ही गर्दी जमली ते बाबा कोपऱ्यात बसून गाडग्यात भाकरी कुस्करताना दिसायचे.

पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचं गाव आहे. पौष महिन्यात रविवारी तिथे यात्रा भरते. नदीत उतरायला धड जागा नव्हती, चिखलात लोक घसरून पडायचे. बाबांनी आधी स्वतः फावडं घेऊन वाट केली, मग लोकवर्गणीतून घाट उभा केला. आणि त्याच यात्रेत आंधळे, लंगडे, महारोगी यांना बसवून जेवण वाढायला सुरुवात केली. यात्रेत या लोकांना भीक मिळायची, पण पंगतीत बसवून वाढणारं कुणी नव्हतं.

इथून पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरलं. नाशिकला धर्मशाळा आणि सदावर्त, आळंदीला धर्मशाळा, पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा. पंढरीला पायी येणाऱ्या दलित वारकऱ्यांना इतर ठिकाणी थारा नव्हता, चूल मांडायलाही जागा मिळत नव्हती. ही धर्मशाळा त्यांच्यासाठी होती. पुढे बाबांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली.

मुंबईचा प्रश्न वेगळा होता. जे. जे. रुग्णालयात गावाकडचा माणूस भरती व्हायचा, आणि त्याच्यासोबत आलेले नातेवाईक फुटपाथवर. राहायला जागा नाही आणि दोन वेळचं विकत घेऊन खाण्याची ऐपत नाही. १९५४ मध्ये तिथे धर्मशाळा झाली ती या लोकांसाठी. मोठ्या शहरात उपचाराइतकाच जेवणाचा खर्च माणसाला मोडतो, हे कधीही शाळेत न गेलेल्या माणसाच्या लक्षात आलं होतं.

लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या, पण या धर्मशाळांमध्ये बाबा स्वतः मुक्कामाला राहत नसत, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्या नातेवाईकांचा या संस्थांवर हक्क राहणार नाही, याचीही तजवीज त्यांनी करून ठेवली. हजारोंना जेवू घालणाऱ्या माणसाचं कुटुंब मात्र मूर्तिजापुरात साध्या झोपडीत राहत होतं.

कीर्तनातही विषय फिरून फिरून जेवणावर यायचा. कर्ज काढून लग्न करू नका, देवापुढे बोकड कापू नका, दारू पिऊ नका. आणि सगळ्यात गाजलेला सल्ला म्हणजे, घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, भाकरी हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला. मामाची जमीन कशी गेली हे ज्याने पाहिलंय, त्याच्या तोंडी हा सल्ला येणं साहजिक होतं. रयत शिक्षण संस्थेचं कराडचं कॉलेज आज सद्गुरू गाडगे महाराजांच्या नावाने ओळखलं जातं.

बाबांच्या मागोमाग वऱ्हाडात अजून एक नाव मोठं झालं, आणि गंमत म्हणजे त्या नावातही भाकरी आहे. तिवसा तालुक्यातल्या वरखेडला आडकोजी महाराज राहायचे. त्यांच्याकडे येणाऱ्या माणिक नावाच्या मुलाला त्यांनी तुकड्या असं नाव दिलं. भजन म्हणायचं आणि मिळालेल्या भाकरीच्या तुकड्यावर राहायचं, असा त्या नावाचा अर्थ सांगितला जातो. हाच मुलगा पुढे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज झाला आणि १९३५ मध्ये त्याच तालुक्यात मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. गाडगेबाबा त्यांच्यापेक्षा ३३ वर्षांनी मोठे. एकाच्या नावात भांडं, दुसऱ्याच्या नावात भाकरीचा तुकडा, आणि दोघंही एकाच जिल्ह्यातले.

१९९५ मध्ये युती सरकारने १ रुपयात झुणका-भाकर दिली, २०२० मध्ये महाविकास आघाडी सरकारने १० रुपयांत शिवभोजन थाळी आणली. अशा योजना निघाल्या की गाडगेबाबांची आठवण हमखास निघते. फरक इतकाच की बाबांच्या सदावर्तामागे सरकारी अनुदान नव्हतं. पोती धान्य द्यायला शेटजी असायचे, तसे मूठभर ज्वारी आणणारे शेतकरीही असायचे.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलिसांपुढे त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं. तो आवाज आजही ऐकायला मिळतो. तेव्हा त्यांचं वय ८० होतं आणि तब्येत ढासळलेली होती. ६ डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकर गेले. बाबांनी त्याचा मोठा धक्का घेतला.

त्यानंतर १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, त्यांना गाडीतून अमरावतीकडे आणलं जात होतं. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी प्राण सोडला. अमरावतीत ज्या ठिकाणी त्यांची समाधी आहे, त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात.